पाणकोंबडी आणि कादरभाई

कादरभाई तांबोळींचं पुस्तक निघालं नाही, याचा मला अजून राग येतो. नशिबात नव्हतं वगैरे काही नाही. प्रकाशक पुण्याहून गाडी घेऊन पौडला त्यांच्या घरी आला होता, चहा पिऊन गेला होता. आणि ह्या बाबानं एका पाणकोंबडीपायी त्याला परत पाठवलं. तीही खरी पाणकोंबडी नव्हे. खरी असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. ही मोबाईलवरच्या खेळातली, कुणीतरी कल्पनेनं उभी केलेली बाई. तिला मारलं असतं तर कुणाच्या बापाचं काय जात होतं?

पण हे असं सांगून कळायचं नाही. आधी माणूस सांगते.

आमच्या उरवड्याच्या कारखान्यात गाड्यांच्या दरवाजांच्या बिजागऱ्या बनतात. मी डिस्पॅचला, म्हणजे माल बाहेर काढायला. कादरभाई क्वालिटीला, म्हणजे माल माझ्यापर्यंत पोचूच नये म्हणून. उंच माणूस, पण खांदे पुढे आलेले. खिशात एक पेन आणि माप घ्यायचा एक व्हर्निअर. चहा आला की त्यावर साय धरेपर्यंत थांबायचे आणि मग ती साय बोटानं बाजूला करून गार चहा प्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "गरम च्या प्याला की चव कुटं कळती? नुसतं भाजतं."

माणूस मऊ बोलायचा. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. फार राग आला की "बरं" म्हणायचे, आणि हे "बरं" म्हणजे होकार नव्हे हे नव्या माणसाला कळायला महिना जायचा. एकदा मॅनेजरसाहेब स्वतः खाली आले. गाडी उभी, गिऱ्हाईक फोनवर बोंबलतंय, आणि कादरभाईंनी चारशे बिजागऱ्यांना लाल चिठ्ठी लावलेली. साहेब म्हणाले, "अहो, केसाएवढा फरक आहे. चालून जाईल."

"चालून कुटं जायचंय तिला? बसतीया का, तेवडं बोला."

"गाडी थांबलीय, कादरभाई."

"बरं," कादरभाई म्हणाले, आणि पुढची पेटी तपासायला घेतली. गाडी दुसऱ्या दिवशी गेली. शिव्या मी खाल्ल्या.

हा माणूस कथा लिहितो हे कारखान्यात बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. वीस वर्षं दिवाळी अंकांत त्यांच्या गोष्टी येत होत्या. बोलायचे अस्सल पौडचं, लिहायचे मात्र असं स्वच्छ की शाळेतल्या बाईंनी वहीवर शेरा द्यावा. पण पुस्तक एकही नाही. प्रकाशक म्हणायचे, गोष्टी खपत नाहीत, कादंबरी आणा. कादंबरी काही होईना. रेहानाभाभी, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा म्हणाली होती, "सुनंदा, पुस्तक निगलं तर पयलं माज्या भावाला द्यायचं. त्यो लगनात म्हनला व्हता, नवरा कागद खराब करतो." भाभीनं ही गोष्ट पंचवीस वर्षं सांभाळून ठेवली होती.

कादंबरी का होत नाही, ते कादरभाईंनीच मला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, भाकरी मोडता मोडता. "माजी समदी मानसं माज्यासारखीच बोलत्यात गं. मालक मीच, नोकर मीच, चोर बी मीच आन् चोराची सासू बी मीच. चाळीस पानं झाली की लई एकटं वाटतं."

त्यातून हा खेळ निघाला. दुसऱ्यांनी आपापली माणसं आणावीत, कादरभाईंनी गाव द्यावं. मोबाईलवर एक ग्रुप, त्यात आम्ही नऊ जण. प्रत्येकाचा एक सुपरहिरो, आपल्या मुळशी तालुक्यातला. कादरभाई रोज दुपारी एकला प्रसंग टाकणार: कुठं काय संकट आलं, हवा कशी आहे, पोलीस कुठं आहेत. संध्याकाळपर्यंत ज्यानं त्यानं आपला हिरो काय करतो ते लिहायचं. कुणाचा नेम लागला की नाही असा वाद झाला तर चिंचोके. अर्धे फोडलेले पाच चिंचोके त्यांच्या डब्यात असायचे. डब्याच्या झाकणावर टाकायचे आणि पांढरे किती पडले त्याचा फोटो ग्रुपवर. साक्षीदार मी.

सुपरहिरोच का, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "साधं मानूस आना म्हनलं तर लोक शेजारी आनत्यात आन् त्याची उनीदुनी काढत बसत्यात. हिरो आना म्हनलं की मनातलं बाहेर येतं."

नियम एकच पक्का. दुसऱ्याच्या हिरोला हात लावायचा नाही. तो काय बोलतो, काय करतो, त्याला काय वाटतं, हे फक्त ज्याचा त्यानं लिहायचं. कादरभाईंनीसुद्धा नाही. "तुमी हिरो," ते म्हणायचे, "बाकी समदं मी." म्हणजे पाऊस ते, एसटी ते, दरोडेखोर ते, रस्त्यात आडव्या येणाऱ्या शेळ्याही तेच.

मला त्यांनी घेतलं ते एका भांडणावरून. एक ड्रायव्हर चलनावर सही न करता गाडी काढायला निघाला. मी बोनेटसमोर जाऊन हात वर करून उभी राहिले. तो हॉर्न वाजवतोय, मी उभी. शेवटी उतरला, सही केली. दुपारी कादरभाई आले आणि म्हणाले, "तुमचा हिरो सापडला. थांबबाई. हात वर केला की काय बी थांबतं. गाडी, गोळी, पूर."

प्रत्येक हिरोला एक ताकद आणि एक खोट हवी, असं त्यांचं होतं. मी विचारलं, "आन् माजी खोट?"

"घरातलं कुनी ऐकत न्हाई."

"हे तुमास्नी कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई. अंदाज."

आमच्या घरी हे वाचून नवरा दोन दिवस हसत होता. मी त्याला हात वर करून थांब म्हटलं, थांबला नाही.

हिरो पास करून घेणं म्हणजे बिजागरी पास करून घेण्यापेक्षा अवघड. सूसला विसाव्या मजल्यावर राहणारा चिन्मय नावाचा इंजिनिअर आमच्याकडे कॉम्प्युटरचं काम करायला यायचा. त्याला हे कळलं. त्यानं चार पानं भरून हिरो पाठवला: प्रकाशाच्या वेगानं उडतो, भिंतीपलीकडचं बघतो, मरत नाही. कादरभाईंचं उत्तर दोन ओळींचं. "नापास. हा कशाला भितो? आणि जेवतो काय?" चिन्मय चिडला. म्हणाला, काका, तुम्हाला हा प्रकारच कळलेला नाही. कादरभाई म्हणाले, बरं. आठ दिवसांनी पोरगा दुसरा हिरो घेऊन आला: उडता येतं, पण उंचीची भीती वाटते. हा लगेच पास झाला. पहिल्याच लढाईत कादरभाईंनी त्याला पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये अडकवला. वर विजेच्या तारा, खाली ट्रकच ट्रक. त्याला वडापावच्या गाडीवर उभं राहून वाट विचारावी लागली. चिन्मय मला नंतर म्हणाला, सुनंदाताई, मी रोज तिथं अडकतो, पण मजा पहिल्यांदा आली.

आता पाणकोंबडी. ती शकुंतलामावशींची. मावशी आमच्याच पॅकिंगमध्ये होत्या, साठी झाल्यावर धरणाजवळच्या माले गावी घरी बसल्या. थोडी शेती, एक म्हैस आणि टेम्पो चालवणारा मुलगा. मावशींना टायपिंग येत नव्हतं. त्या आवाज पाठवायच्या आणि कादरभाई तो ऐकून शब्दाला शब्द उतरवून ग्रुपवर टाकायचे. चिन्मयनं त्यांच्या हिरोसाठी जलपरी वगैरे नाव सुचवलं. मावशींचा आवाज आला, "परीबिरी काय न्हाई. पानकोंबडी." ताकद: धरणाच्या पाण्यात हवा तेवढा वेळ राहता येतं. खोट: वर आल्यावर गुडघे धरतात. धरणातच कशाला जायचं, असं कुणीतरी विचारलं. मावशी म्हणाल्या, "आजेसासऱ्याचं घर पान्याखाली हाय. बगून येते म्हनलं, भांडीबिंडी हायेत का."

दुसऱ्या वर्षी कादरभाईंच्या हातून एक चूक झाली. पाणकोंबडी खाली गेली होती. मावशींचा निरोप होता, "खाली गेले. घर दिसलं. चूल हाय. भांडी न्हाईत." कादरभाईंनी तो उतरवला आणि लिहिता लिहिता त्यांच्यातला लेखक जागा झाला. शेवटी त्यांनी आपल्या पदरची एक ओळ टाकली: "चुलीतली राख अजून उबदार होती." झालं, ग्रुपवर वाहवा. चिन्मयनं सात बदाम टाकले. अर्ध्या तासात मावशींचा आवाज. आम्ही सगळ्यांनी तो ऐकला.

"कादरभाय, राख कुनी म्हनलं? पान्यात राख ऱ्हाती व्हय? शंभर वरसं? मी न्हाई म्हनले. ती माजी बाई हाय. तिच्या तोंडात तुमी घालू नका काय."

मला वाटलं, आता हा माणूस दुखावला. तर त्यांनी खाली लिहिलं: "राखेची ओळ माझी आहे, पाणकोंबडीची नाही. चूक झाली, मावशी." आणि दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन हसत उभे राहिले. "सुनंदा, वीस वरसात पयल्यांदा माजी एक पोरगी मला उलटून बोलली," म्हणाले. इतका आनंद मी त्यांना बोनसच्या दिवशीही झालेला पाहिला नव्हता.

असा तीन वर्षं खेळ चालला होता. खलनायक होता टेकडीखाऊ. तो टेकड्या खायचा आणि प्लॉट बाहेर टाकायचा. सूसपासून सुरुवात करून तो खात खात मुळशीपर्यंत आला आणि धरणाच्या भिंतीखाली पोखरू लागला. तिथं एक भोक पडलं. पाणकोंबडी ते बघायला खाली गेली. चिन्मयनं तोवरचा सगळा खेळ छापून पुण्याच्या त्या प्रकाशकाला दिला होता, आणि प्रकाशकानं कधी नव्हे ते शेवटपर्यंत वाचलं. पौडला आला. म्हणाला, ही कादंबरी आहे, तांबोळी. दिवाळीच्या आत काढू. महिनाअखेर शेवट द्या. शेवट उघडच आहे, ह्या बाईनं स्वतःच्या अंगानं ते भोक बुजवायचं आणि तिथंच राहायचं. वाचक रडला पाहिजे.

खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाही तेच वाटत होतं. कादरभाईंनाही. गोष्ट तिकडंच चालली होती. छापायला आम्ही नऊच्या नऊ जणांनी होकार दिला, मावशींनी तर "माजं नाव मोट्या अक्षरात टाका" म्हणून सांगितलं. भाभीनं भावाला फोन केला.

आणि त्याच आठवड्यात मावशींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांचा ग्रुपवरचा शेवटचा आवाज होता, "भोक दिसलं. हात घालून बगते."

पाणकोंबडी तशीच खाली, भोकात हात घालून. एक आठवडा गेला. दोन गेले. आम्ही सगळे कादरभाईंच्या मागे लागलो. चिन्मय म्हणाला, काका, एकदाच तुम्ही लिहा. मी म्हणाले, "मावशी बऱ्या असत्या तर त्यांनी बी हेच केलं असतं."

"त्यांनी काय केलं असतं ते मला कळत असतं," कादरभाई म्हणाले, "तर तीन वरसं मी त्यांना इचारत कशाला बसलो असतो?"

तरी त्यांनी लिहिलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक त्यांना साधू करायला बघतात. मोह त्यांनाही झाला. अकरा पानांचा शेवट लिहून त्यांनी मला वाचायला दिला. मी डिस्पॅचच्या टेबलावर बसून वाचला आणि रडले, बाहेर ड्रायव्हर ताटकळत उभा. असं त्यांनी आधी कधी लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, "आता इचार करू नका. द्या."

"मावशीस्नी वाचून दावतो. मान हलवली की देतो."

रविवारी सकाळी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी मालेला गेले. मावशी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, सून शेजारी. कादरभाईंनी अकराच्या अकरा पानं वाचली, मऊ आवाजात, न अडखळता. मावशींच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. मला वाटलं, झालं, जमलं.

"मावशी, असं करू का?"

मावशींनी मान हलवली. डावीकडून उजवीकडे. पुन्हा एकदा, तशीच.

कादरभाईंनी कागद मांडीवर सारखे केले. मग म्हणाले, "मावशी, माजं पुस्तक हाय हे. चौपन्न झाली मला. परत कोन इचारील?"

त्यांना असं काही मागताना मी पहिल्यांदा ऐकत होते. मावशींनी डावा हात लांब करून त्यांचं मनगट धरलं, आणि मान परत तशीच हलवली.

माझा संयम सुटला. "अवो मावशी, खोटी बाई हाय ती! ह्यो मानूस खरा हाय." मावशींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी दाराकडे सरकले.

कादरभाईंनी अकरा पानांची घडी घातली, खिशात ठेवली. "बरं," म्हणाले. त्यांचं हे एकच "बरं" मला होकारासारखं ऐकू आलं. "मंग वर यायचं का? वर असंल तर एक बोट."

एक बोट.

"वर येऊन काय करायचं?"

मावशींनी डाव्या हातानं खाट थोपटली.

"बसायचं? काठावर?"

मान खालीवर झाली. कादरभाईंनी तिथंच मोबाईल काढला आणि एका बोटानं टाईप केलं: "पाणकोंबडी वर आली. काठावर बसली."

प्रकाशकाचा फोन सोमवारी आला. आवाज मला टेबलापलीकडे ऐकू येत होता. "अहो, बसली म्हणजे काय? धरण फुटायला आलंय आणि बाई बसली?"

"व्हय. बसली."

"मग निदान दुसरं कुणीतरी मारा. शेवटाशिवाय मी छापू काय?"

कादरभाई म्हणाले, "इचारून बगतो." आणि त्यांनी खरंच एकेकाला विचारलं. चिन्मय म्हणाला, काका, माझा हिरो तर पाण्यापर्यंत पोचतच नाही. बाकीच्यांनी काहीबाही सांगितलं. मग ते माझ्याकडे आले. थांबबाई भिंतीसमोर हात वर करून उभी राहिली आणि पूर थांबवताना गेली, असा शेवट सहज बसत होता. मावशींवर "खोटी बाई हाय ती" म्हणून ओरडलेली मी, मी म्हणाले, "इचार करून सांगते." आणि सांगितलंच नाही. तीन वर्षांत तिनं एवढं काय काय थांबवलं होतं. माझ्यानं होईना. कादरभाईंनी परत विचारलं नाही. महिना संपला, पुस्तक हातचं गेलं. मघाशी म्हटलं ना, मला राग येतो? तो निम्मा माझाच आहे. भोक पुढं आम्ही सगळ्यांनी मिळून सिमेंटनं बुजवलं, कुणीही न मरता. प्रकाशक म्हणतो तसा त्यात राम नव्हता हे मान्य.

मावशी त्या दिवाळीनंतर गेल्या. मुलानं ग्रुपवर कळवलं. चौथ्या दिवशी प्रकाशकाचा फोन आला. वाईट झालं, म्हणाला, आणि मग, आता विचारायला कुणी राहिलेलं नाही, तर ती अकरा पानं पाठवता का? कादरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. पानं कुठं आहेत ते भाभीलाही ठाऊक नाही. भाभी मात्र एका शब्दानं बोलली नाही. भावाला एवढंच सांगितलं, उशीर लागंल.

ह्या उन्हाळ्यात मी नोकरी सोडली, चाकणला मुलीजवळ राहायला गेले. शेवटच्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला क्वालिटीच्या टेबलाशी गेले तर कादरभाई एकचा प्रसंग लिहीत होते. मी मागे उभी राहून वाचलं. मालेच्या रस्त्यावर ट्रक उलटलाय, पोलीस पौडहून निघालेत, हवा कोरडी. धरणाच्या काठावर ऊन चढलंय.

इथं ते थांबले. बराच वेळ बोट वरच्यावर. मग त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: "उंबराची सावली सरकून पाणकोंबडीच्या अंगावर आली."

मी म्हटलं, "कादरभाय, तिला हलवायचं न्हाई ना तुमी?"

"तिला कुटं हलवली?" ते मागे न बघता म्हणाले. "सावली हलवली."